अतिलघुपटातील कॅमेरा, ध्वनी आणि प्रकाश : आपले अनुभव

पाच मिनिटांच्या आतल्या लघुपटात पात्रांची ओळख करून द्यायला सवड नसते. पहिला संवाद येईपर्यंत चौकट, आवाज आणि उजेड यांनी बरेचसे सांगून टाकलेले असावे लागते. ज्यांनी अशा लघुपटांचे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन किंवा ध्वनिमुद्रण केले आहे, त्यांनी आपला एखादाच निर्णय निवडावा आणि तो का घेतला, पडद्यावर त्याचे काय झाले, हे लिहावे. सुरुवात मी करते.

माझा लघुपट तीन मिनिटांचा होता. वडील गेल्यावर मुलगी प्रथमच त्यांच्या खोलीत येते, एवढीच गोष्ट. तिचा चेहरा, कपाट, चष्मा असे अकरा शॉट मी घेतले होते. पण संकलनात एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार सेकंद आले आणि तिचे दुःख वस्तूंच्या यादीसारखे दिसू लागले. मग पुन्हा चित्रीकरण करून कॅमेरा दाराबाहेर स्थिर ठेवला. ती आत जाते, चित्राच्या चौकटीबाहेर जाते, आपल्याला रिकामी खुर्ची दिसत राहते आणि कपाटाची कडी काढल्याचा आवाज येतो. चाळीस सेकंदांचा हा एकच शॉट राहिला. चष्मा शेवटपर्यंत दाखवला नाही.

*

मी ध्वनिमुद्रण करतो. प्रत्येक जागी सर्वांना आहे तिथे थांबवून मी एक मिनिट नुसती खोली, म्हणजे तिथला शांततेतला आवाज, मुद्रित करतो. त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. (त्याआधी फ्रीज बंद करताना माझ्या गाडीची किल्ली त्यातच ठेवतो, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचे राहत नाही.) एका दोन मिनिटांच्या लघुपटात दिग्दर्शिकेला शेवटी संपूर्ण शांतता हवी होती. आम्ही ध्वनिपट्टी कोरी सोडली, तेव्हा पहिल्याच खेळात दोघांनी वळून स्पीकरकडे पाहिले; त्यांना तो बिघाड वाटला होता. म्हणून सुरुवातीपासून पंख्याची घरघर कोणाच्या ध्यानात येणार नाही इतकी हलकी ठेवली, शेवटच्या वाक्यानंतर ती विरत नेली आणि खाली रूम टोन तसाच वाहू दिला. पुढच्या खेळात प्रेक्षागृहातले कोणी हलले नाही.

*

आमच्याकडे एकच दिवा होता आणि पाठीमागची भिंत पांढरी. दिवा पात्रापासून दोन मीटरवर असताना भिंतही उजळत होती. तो एका मीटरवर आणला, तेव्हा चेहऱ्यावरचा प्रकाश चौपट झाला आणि भिंतीवर तो तितका वाढला नाही. चेहरा फार उजळ दिसू नये म्हणून लेन्सचे छिद्र लहान करताच भिंत काळोखात गेली. पात्राचे एकटेपण सांगणारे वाक्य संहितेतून आम्ही तिथल्या तिथे काढून टाकले.

*

मी संकलक आहे. नव्वद सेकंदांच्या लघुपटात दृश्यबदल फार जाणवतात, म्हणून पुढच्या दृश्याचा आवाज मी आधीच्या चित्रावर थोडा अगोदर सुरू करतो. एकदा झोपलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरच शाळेची घंटा वाजू दिली. मुलगा झोपलेलाच राहिला; घंटा संपल्यावर रिकामा बाक दिसला.