सोसायटी ग्रुप: सीट लागली, पण यंदा कॉलेजला जाता येत नाही

बी-३०२ वैनी:
नमस्कार सगळ्यांना. मुलाला कर्नाटकच्या सीईटीतून (प्रवेश परीक्षेतून) हुबळीला इंजिनिअरिंगची, मेकॅनिकलची सीट लागली आहे. फी भरली, कॉलेजात रिपोर्टिंगही झालं. आता अपघातात मांडीचं हाड मोडलंय, रॉड घातलाय. तीन महिने पायावर पूर्ण भार द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. सोमवारपासून क्लास सुरू. ही सीट पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येते काय? नक्की माहिती असेल त्यांनी सांगा.

ए-१०४ अण्णा (कॉलेज ऑफिस):
वैनी, पोराला जपा आधी. पण या कामाला तारखा आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो. सीट राखून ठेवायची सोय केईएकडे (सीईटी घेऊन सीट वाटणारं कर्नाटकचं परीक्षा प्राधिकरण) नाही, कॉलेजकडेही नाही. सीईटीची रँक त्या वर्षापुरतीच. ‘पुढच्या वर्षी येतो’ असा अर्ज ऑफिसात ठेवून घेतला तरी त्याला काही किंमत नाही, आणि तोंडी ‘बघू या’ म्हणणाऱ्यावर तर विसंबूच नका. वाटा दोन. ठरलेल्या तारखेच्या आत सीट रद्द करायची आणि पुढच्या वर्षी नव्यानं सीईटी द्यायची. किंवा ॲडमिशन कायम ठेवून हे सेमिस्टर सोडायचं आणि पुढच्या वर्षी त्याच सेमिस्टरला परत नाव घालायचं.

डी-४०३:
मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी देतात की. कशाला पोराचं वर्ष घालवायचं?

सी-२०१ मॅडम (लेक्चरर):
हजेरी देत नाहीत, हजेरीत सूट देतात, आणि ती किती ते ठरलेलं आहे. व्हीटीयूला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाला, प्रत्येक विषयात ८५ टक्के हजेरी लागते. आजारपणाचे कागद असतील तर प्राचार्यांच्या शिफारशीनं १० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. म्हणजे ७५ च्या खाली गेलं की विषय संपला. सेमिस्टर १६ आठवड्यांचं धरा. त्यातला पाव भाग म्हणजे ४ आठवडे. इथं सुट्टीच १२ आठवड्यांची आहे.
दुसरं म्हणजे सीआयई, म्हणजे कॉलेजातले अंतर्गत गुण. ५० पैकी किमान २० पडल्याशिवाय त्या विषयाच्या मुख्य परीक्षेला बसता येत नाही. लॅबचं रेकॉर्ड आणि ड्रॉइंगच्या शीट दर आठवड्याला तपासून सही होते, गुण त्यातूनच धरतात. घरी झोपून थिअरी वाचता येईल, पण ड्रॉइंगची शीट आणि लॅबचं रीडिंग तिथं बसूनच करावं लागतं. सुट्टी चार आठवड्यांपेक्षा कमी असती तर मीच म्हटलं असतं, पाठवा, वरच्या मजल्यावरची वर्गखोली खाली मागून घ्या. इथं तसं नाही.

डी-४०३:
बरोबर आहे मॅडम, एवढं माहीत नव्हतं.

बी-३०२ वैनी:
मग सेमिस्टर सोडून ॲडमिशन ठेवलेली बरी नाही काय? परत सीईटी म्हणजे धाकधूक.

ए-१०४ अण्णा (कॉलेज ऑफिस):
ठेवता येते, पण तीन गोष्टी आधी बघा. यंदाची फी गेली असं समजा, परत नाव घालताना पुन्हा भरावी लागते. कोर्स पूर्ण करायला व्हीटीयू जास्तीत जास्त ८ वर्षं देतं आणि ती यंदापासून मोजली जातात. आणि मधे सिलॅबसची स्कीम बदलली तर नव्या स्कीममध्ये घालतात, मग काही विषय जादा करायला लागू शकतात.
तरीही हुबळीची सीट मनासारखी असेल, पुढच्या वर्षी तेवढी रँक येईलच अशी खात्री नसेल, तर मी ॲडमिशन ठेवण्याच्या बाजूचा आहे. फक्त विद्यापीठाकडून ॲडमिशनला मंजुरी आली का आणि यूएसएन (विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक) मिळाला का, ते ऑफिसात विचारा. मंजुरीच्या आत मुलगा गायब दिसला की नाव अडकतं. प्राचार्यांना अर्ज द्या: अपघाताची तारीख, ऑपरेशनची तारीख, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत, ‘पहिल्या सेमिस्टरला पुढच्या शैक्षणिक वर्षी पुन्हा प्रवेश मिळावा’. डिस्चार्ज समरी जोडा. दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का घ्या, आणि उत्तर लेखीच मागा. उत्तर आलं नाही तर ही वाट सोडा.

सी-२०१ मॅडम (लेक्चरर):
मुलाची रँक चांगली असेल तर मी उलट सांगेन. सीईटीत तीन विषय, प्रत्येकी ६० गुण, प्रत्येक पेपर ८० मिनिटांचा, चुकीला वजाबाकी नाही. इंजिनिअरिंगची रँक निम्मी सीईटीवर आणि निम्मी पियूसीच्या (बारावीच्या) फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या गुणांवर. पियूसीचे गुण हातात आहेतच, ते कुठं जात नाहीत. अभ्यास फक्त निम्म्या भागाचा उरतो, आणि तो खाटेवर बसून होण्यासारखा आहे. परीक्षा साधारण एप्रिलमध्ये असते, फॉर्म जानेवारी-फेब्रुवारीत निघतात.

एफ-१०१ (बँक):
एज्युकेशन लोन घेतलंय काय वैनी?

बी-३०२ वैनी:
मंजूर झालंय. पहिला हप्ता अजून गेला नाही.

एफ-१०१ (बँक):
मग सोपं आहे. पैसे सुटले नाहीत तोवर व्याज लागत नाही. उद्याच शाखेत पत्र द्या, ‘हप्ता थांबवावा’. सीट रद्द केलीत तर ही मंजुरी चालणार नाही, पुढच्या वर्षी नव्या ॲडमिशन लेटरवर नवी फाईल करावी लागेल. एक वर्षाच्या गॅपमुळे लोन नाकारत नाहीत, कारणाचा कागद मागतात. हप्ता गेलेला असता तर रिफंड तुमच्या सेव्हिंग खात्यात न घेता लोन खात्यातच जमा करायला लागला असता. लोकांची तिथंच गफलत होते.

बी-३०२ वैनी:
रद्द केली तर फी परत येते?

ए-१०४ अण्णा (कॉलेज ऑफिस):
केईएला भरलेली फी केईएकडून येते. पोर्टलवर लॉगिन करून सीट रद्द करायची आणि त्याची पावती काढून ठेवायची. त्याला शेवटची तारीख असते आणि किती कापतात ते यंदाच्या माहितीपत्रकात छापलंय, रात्रीच वाचा. ती तारीख गेली की केईएच्या हातात काही राहत नाही. कॉलेजला जी वेगळी फी दिलीत, तिला एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नियम: क्लास सुरू व्हायच्या आत माघार घेतली तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी परत. सोमवार उजाडला की हिशेब बदलतो, सीट दुसऱ्यानं भरली का यावर येतो. म्हणून ठरवायचं असेल तर शनिवारच्या आत ठरवा आणि मेल पाठवा, मेलवर वेळ उमटते.
मूळ कागद अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याच कॉलेजला नाही. दहावी-पियूसीचे मार्क्सकार्ड आणि टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) मागून घ्या. पियूसीची मूळ टीसी तशीच परत मिळाली तर उत्तम. हजेरीपटावर नाव चढलं असेल तर कॉलेज स्वतःची टीसी देईल. चालते तीही, पण तारीख आणि कारण नीट लिहिलंय का ते काउंटरवरच वाचा.

ई-२०५ ताई (ऑनलाइन सेंटर):
वैनी, पुढच्या वर्षीच्या फॉर्मला नाव जुळणं हीच मोठी अडचण असते. दहावीच्या मार्क्सकार्डावर वडिलांचं नाव मधे, आधारवर फक्त इनिशियल, जातीच्या दाखल्यावर आडनाव आधी. केईएचा फॉर्म दाखल्यावरच्या आरडी नंबरवरून दाखला उचलतो, स्पेलिंग वेगळं असलं की तिथंच अडतं. दुरुस्ती नाडकचेरीतून (दाखले देणारं सरकारी ऑफिस) आत्ताच करून घ्या, मे-जूनला तिथं पाय ठेवायला जागा नसते. ३बी या मागासवर्ग गटात असाल तर दाखला ‘फॉर्म एफ’ या नमुन्यातच लागतो. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत असेल तर ग्रामीण कोट्याचं स्टडी सर्टिफिकेट बीईओच्या (गटशिक्षणाधिकाऱ्याच्या) सहीनं घ्या.

बी-३०२ वैनी:
दहावीपर्यंत खानापूर तालुक्यातल्या खेड्यातच होता, मराठी माध्यम.

ई-२०५ ताई (ऑनलाइन सेंटर):
मग ग्रामीणचं हमखास करा. तो १५ टक्के कोटा आहे आणि सर्टिफिकेटअभावी बरीच मुलं जनरलमध्ये जातात.
आणखी एक. सीमाभागातला आहे, मातृभाषा मराठी आहे, तर महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही द्या. तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मुलांसाठी ‘टाइप ई’ म्हणून वेगळा प्रकार आहे. दोन दाखले लागतात: घर सीमाभागातल्या गावात असल्याचा एक, मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. नमुना माहितीपत्रकात असतो, त्याच नमुन्यात घ्यायचा, साध्या लेटरहेडवरचा परत पाठवतात. कोल्हापूर, सांगलीला सीट मिळाली तरी फार लांब नाही पडणार.

ए-१०४ अण्णा (कॉलेज ऑफिस):
गॅपचं ॲफिडेव्हिटही करून ठेवा. ई-स्टॅम्पवर, नोटरी करून. अठरा पूर्ण नसेल तर पालकांच्या नावानं. मजकूर चार ओळींचा: पियूसी कधी पास, अपघात कधी, या काळात दुसऱ्या कुठल्याही कोर्सला नाव नव्हतं, गुन्हा नोंद नाही. हुबळीची ॲडमिशन होऊन रद्द केली असेल तर तेही लिहा, लपवू नका. केईएच्या नोंदीत ते दिसतं आणि मग ॲफिडेव्हिटच खोटं ठरतं. डिस्चार्ज समरीवरच्या तारखा आणि यातल्या तारखा एकच हव्यात.

सी-२०१ मॅडम (लेक्चरर):
वैनी, मुलाचे सीईटीचे आणि पियूसीचे गुण मला वेगळे पाठवा, ग्रुपवर नको. गेल्या राउंडचे कटऑफ लावून सांगते, परत परीक्षा देण्यात जोखीम किती आहे ते.

बी-३०२ वैनी:
पाठवते मॅडम. अण्णा, शनिवारी सकाळी मिस्टर हुबळीला जातील. मुलगा नसला तर कागद देतात काय?

ए-१०४ अण्णा (कॉलेज ऑफिस):
देतात. मुलाच्या सहीचं ऑथोरायझेशन लेटर, त्याचा आणि भाऊजींचा आधार, फी भरल्याची मूळ पावती आणि रिपोर्टिंगच्या वेळी मिळालेली पोचपावती, एवढं हवंच. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं, साडेनऊला दारात असू दे. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स इथूनच काढून न्या.