केनियातल्या मोंबासात दोन दिवस, काय काय बघू?

सिडकोवाली: आम्ही नाशिकचे चौघं, सोबत सासूबाई, त्या पक्क्या शाकाहारी आणि गुडघे दुखतात, तर बीच सोडून काय बघण्यासारखंय?

पंचवटीकर: फोर्ट जीझस सकाळीच उरका, दुपारी ऊन सोसत नाही. पोर्तुगीजांनी १५९३ ला बांधायला घेतला, म्हणजे आपल्या वसईवालेच ते. शेजारी ओल्ड टाऊन, कोरीव दरवाजे बघत फिरा, मला तर जुन्या नाशकातले वाडेच आठवले.

मिसळवाला: खाण्याचं टेन्शन नको ताई, वियाझी कराई मागा, चक्क बटाट्याची भजी, पिवळ्याधमक पिठात तळलेली, वर चिंचेची चटणी, मी उभ्याउभ्या दोन प्लेट हाणल्या.

गोदाकाठ: हॅलर पार्क. सिमेंटची जुनी खाण, आता नुसती झाडी. जिराफ काळपट जिभेने तळहातावरचा खाऊ ओढून घेतो, सासूबाई गुडघे विसरतील.

सिडकोवाली: जिराफ फायनल! भजी पण.