सुकवलेलं सावरडो विरजण: तिसऱ्या दिवशी टाकू नका

सावरडो म्हणजे पाव फुगवायचं, पीठ-पाणी आंबवून केलेलं विरजण. त्याचे सुकवलेले पापुद्रे भिजवून पुन्हा जागे करताना दोन दिवस बुडबुडे आले आणि तिसऱ्या दिवशी सगळं थंड पडलं, म्हणून विरजण टाकून द्यायचं म्हणताय? एवढ्यात नको! सुरुवातीचे बुडबुडे बरेचदा पिठातल्या जिवाणूंचे असतात, पाव फुगवणारं यीस्ट सावकाश जागं होतं. रोज 20 ग्रॅम मिश्रण ठेवून त्यात 20 ग्रॅम गव्हाचं पीठ आणि 20 ग्रॅम पाणी घाला. पाणी बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच, कढत पाण्याने यीस्ट मरतं. मी बरणीला रबरबँड लावून पातळी बघते. माझ्या सुकलेल्या पापुद्र्यांना पाचवा दिवस उजाडला, मग चार-पाच तासांत दुप्पट! वर करडं पाणी साचलं तर ते भुकेचं लक्षण, ढवळून घ्या. गुलाबी किंवा केशरी छटा दिसली तर मात्र सगळं फेकाच.