शब्दचर्चा: स्पार्टाकसचे बंड, उठाव की क्रांती?

प्रश्न: १९६०च्या 'स्पार्टाकस' सिनेमावर लेख लिहितेय. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात स्पार्टाकसने रोमविरुद्ध चालवलेल्या गुलामांच्या लढ्याला मी 'क्रांती' म्हटलं, संपादकांनी खोडून 'बंड' केलं. 'बंड'ला मालकांच्या बाजूचा वास येत नाही का?

प्रतिसाद १: येतो की. १८५७ला इंग्रज 'शिपायांचं बंड' म्हणत, म्हणूनच सावरकरांनी 'स्वातंत्र्यसमर' लिहिलं. (हल्ली 'बंडखोरी' तिकीट न मिळालेल्या उमेदवारांनी बळकावलीय, तो भाग निराळा.) तरी इथे 'क्रांती' नको. क्रियापदं बघा: बंड मोडतात, उठाव चिरडतात, क्रांती मात्र होते किंवा घडते. शिवाय क्रांतीत व्यवस्था उलथायला हवी. इटलीतल्या कापुआ शहरातल्या ग्लॅडिएटर-शाळेतून (आखाड्यात झुंजायला गुलाम तयार करायची जागा) सत्तरेक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या अन् सळया घेऊन निसटले. जुना ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याच्या मते स्पार्टाकसचा बेत आल्प्स ओलांडून सगळ्यांनी आपापल्या मुलखात जायचा होता. सिनेमातला निवेदक मात्र त्याला सुरुवातीलाच गुलामगिरीच्या अंताची स्वप्नं बघायला लावतो.

प्रतिसाद २: स्वप्नच काढलं तर तिकीट कोण काढणार! शेवटही बघा. एकेक जण उठून 'मीच स्पार्टाकस' म्हणतो, तो प्रसंग जुन्या इतिहासकारांकडे नाही. खरा स्पार्टाकस लढाईतच पडला, प्रेतही सापडलं नाही. कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवले ते पकडलेले ६,०००. पडद्यावर नायकही क्रुसावर लागतो, कारण हरवलेल्या प्रेतावर कॅमेरा धरता येत नाही. आणि फाटाफूट? स्पार्टाकसचा जोडीदार पुढारी क्रिक्सस आपली माणसं घेऊन वेगळा झाला अन् मारला गेला. सिनेमातली छावणी एकदिलाची. तेवढ्या भागाला 'बंडाळी' शोभेल, पण अख्ख्या लढ्याला लावू नका. त्यात नुसता गोंधळ दिसतो.

प्रतिसाद ३: रोमनांचा शब्द 'बेल्लुम सर्व्हिले', म्हणजे गुलामांचं युद्ध. हे तिसरं, आधीची दोन सिसिलीत झाली. 'युद्ध' म्हणायला रोमची हरकत नव्हती, पण विजयाची थाटाची मिरवणूक स्पार्टाकसला हरवणाऱ्या रोमन सेनापती क्रॅससला मिळाली नाही, दुय्यम मानावर भागवलं. गुलामांना हरवण्यात कसला पराक्रम, असा हिशोब!

प्रश्नकर्ती: मग मथळ्यात 'उठाव', क्रॅससच्या तोंडी 'बंड'. 'क्रांती' फक्त सिनेमाच्या परिच्छेदात, तीही अवतरणात. संपादकांना कळवते.