लिबडीव्हीडीसीएसएसचं पॅकेज वाटावं का? सल्ला हवा

जास्वंद_टर्मिनल:
गावच्या वाचनालयातल्या संगणकांवर मी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवलंय. वाचनालयाने विकत घेतलेल्या बऱ्याच डीव्हीडींना सीएसएस नावाचं, नक्कल रोखणारं सांकेतिक कुलूप आहे, त्या लागत नाहीत. ते कुलूप उघडणारं लिबडीव्हीडीसीएसएस कंपाइल करून (सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवून) पॅकेज केलं, छान चालतंय. आता ते माझ्या रेपोत (पॅकेजं डाउनलोडला ठेवायची जागा) सगळ्यांसाठी ठेवू का? सर्व्हर अमेरिकेत आहे, भाड्याचा. परवाना जीपीएल, कोड मुक्तपणे वाटू देणारा, म्हणजे काळजी नाही ना?

खटपट्या:
जीपीएलचा इथे काडीचा उपयोग नाही. कोड लिहिणाऱ्यांनी तो वाटायची मुभा दिलीये, बस. सिनेमावाल्यांनी कुलूप उघडायची मुभा कुठे दिलीये?

आणि सर्व्हर अमेरिकेत म्हणजे दुखण्याला आमंत्रण. तिथल्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१ असं साधन लोकांना पुरवण्यावरच बोट ठेवतं. तुझा हेतू कितीही सोवळ्यातला असो.

पायरी_चढलेला:
पेशाने वकील, पण हा फुकटचा सल्ला आहे, तेवढ्याच किमतीचा धरा.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ ए आलं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड, पण हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर. स्वतःची डिस्क बघणाऱ्याची बाजू त्यामुळे बरीच भक्कम. मात्र त्याच कलमात एक गंमत आहे: दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायची. रेपोतून डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाची वही घालणार का?

जास्वंद_टर्मिनल:
बापरे. मग पॅकेज काढून नुसती लिंक देतो.

पायरी_चढलेला:
अमेरिकेत तीही पळवाट नाही. डीसीएसएस या सीएसएस तोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या खटल्यात '२६००' मासिकाला प्रोग्रॅम ठेवायलाच नव्हे, लिंक द्यायलाही मनाई झाली. २००१ मध्ये अपिलातही तेच कायम. उलट नॉर्वेत त्याच प्रोग्रॅमपायी खटला झालेला योन योहानसन २००३ मध्ये निर्दोष सुटला. देश बदलला की निकाल बदलतो.

खटपट्या:
डेबियनवाल्यांनी काय केलंय बघ. डीव्हीडी वाचणारं लिबडीव्हीडीरीड त्यांच्या रेपोच्या मुख्य विभागात आहे. त्यात कुलूप उघडणारा कोड नाही, चालताना लिबडीव्हीडीसीएसएस सापडलं तर ते वापरतं. आणि 'कॉन्ट्रिब' या वेगळ्या विभागात लिबडीव्हीडी-पीकेजी आहे. ते व्हिडिओलॅनकडून (लिबडीव्हीडीसीएसएस बनवणारा प्रकल्प) सोर्स आणून वापरणाऱ्याच्याच मशीनवर कंपाइल करतं. तयार बायनरी डेबियन वाटतच नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्येही ते मिळत नाही, आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या संग्रहाच्या 'टेंटेड' (डागाळलेलं) नावाच्या वेगळ्या रेपोत जावं लागतं. नाव बघ, प्रामाणिक आहेत बिचारे!

तुला मुळात रेपो हवाय कशाला? वाचनालयातली मशीन्स किती?

जास्वंद_टर्मिनल:
चार.

खटपट्या:
अरे देवा. चारही ठिकाणी कॉन्ट्रिब चालू कर, लिबडीव्हीडी-पीकेजी टाक, मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर चालव. ते शेवटचं विसरलास तर काहीच कंपाइल होणार नाही आणि इथेच परत येशील.