क्लोंडाइकच्या सुवर्णशोधातील जुने कागद कसे वाचावेत?

मृण्मयी_एडमंटन (प्रश्न)

नमस्कार. आमच्या शेजारी राहणाऱ्या, ऐंशी पार केलेल्या एका आजींनी गेल्या महिन्यात मला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडून दाखवला. त्यांचे आजोबा १८९८ साली ओंटारियोतील शेती धाकट्या भावाच्या हवाली करून कॅनडाच्या वायव्येकडील युकॉनमध्ये, क्लोंडाइकच्या खोऱ्यात, सोने शोधायला गेले होते आणि त्या प्रवासाचे जे काही उरले आहे ते या डब्यात आहे. आजींना आता अक्षर नीट दिसत नाही, म्हणून ते वाचून देण्याचे काम माझ्याकडे आले. परंतु शब्द वाचता येणे आणि कागद समजणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले.

डब्यात तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे तेथल्या डॉसन गावातील सरकारी कचेरीने १८९८ च्या शरद ऋतूत दिलेले क्लेमचे, म्हणजे सोने खणण्यासाठी आखून घेतलेल्या जागेचे, मंजुरीपत्र. त्यात जागेचे वर्णन ‘हंकर क्रीक, डिस्कव्हरीच्या अमुक खाली, त्याच्या खालच्या अर्ध्या भागासमोर, डोंगरउतार, डावी हद्द’ असे काहीसे आहे (क्रमांक येथे मुद्दाम देत नाही). दुसरे, एप्रिल १८९९ मध्ये घरी लिहिलेले पत्र. त्यात आजोबा कळवतात की आमचा ढीग आता झोपडीच्या छपराला लागला आहे आणि आम्ही फक्त पाण्याची वाट पाहत आहोत. तिसरी गोष्ट म्हणजे बर्फाच्या चढावर मुंग्यांसारखी लागलेली माणसांची रांग दाखवणारे छायाचित्र. त्यातील एका ठिपक्याभोवती कोणीतरी पेन्सिलने वर्तुळ काढले आहे.

आजींच्या घरात तीन पिढ्यांपासून असे सांगितले जाते की आजोबांकडे छपराएवढा सोन्याचा ढीग होता, तो भागीदाराने फसवून घेतला आणि आजोबा रिकाम्या हाताने परतले. मला ही कथा खोडायची नाही, पण कागद खरोखर काय सांगतात ते जाणून घ्यायचे आहे. वरील वर्णनाचा अर्थ काय लावावा, क्लेम मंजूर झाला म्हणजे सोने सापडले असे समजावे का, आणि या माणसाचा माग आणखी कोणत्या दप्तरांत लागू शकेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

साखळी_कडी

मृण्मयीताई, मी तीस वर्षे भूमी अभिलेख खात्यात मोजणीचे काम केले आणि निवृत्तीनंतर जगभरच्या मोजणीचा इतिहास वाचण्याचा छंद लावून घेतला, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न वाचून हात शिवशिवले.

क्लोंडाइकच्या खोऱ्यात प्रत्येक ओढ्यावर जो पहिला क्लेम लागला त्याला ‘डिस्कव्हरी’ म्हणत, आणि तेथून प्रवाहाच्या वरच्या अंगाला एक वर, दोन वर, तर खालच्या अंगाला एक खाली, दोन खाली असे क्रमांक देत. १७ ऑगस्ट १८९६ रोजी बोनान्झा क्रीकवर, जिला तोवर रॅबिट क्रीक म्हणत, खुंट ठोकले गेले तेव्हा एक क्लेम ओढ्याच्या लांबीने ५०० फूट असे. पुढे नियम बदलून नव्या क्लेमची लांबी २५० फुटांवर आली. ओढ्याकाठच्या जागा संपल्यावर लोक डोंगरउताराकडे वळले, कारण नदीच्या फार जुन्या पात्रातील सोनेमिश्रित खडी उतारावर उंच राहून गेली होती. तुमचे मंजुरीपत्र अशा उतारावरच्या जागेचे आहे. ‘डावी हद्द’ म्हणजे प्रवाह ज्या दिशेने वाहतो तिकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येणारी बाजू. हे उलटे धरले तर तुम्ही दरीच्या पलीकडच्या डोंगरावर जाऊन पोहोचाल.

आता ढिगाविषयी. तेथील जमीन बारमाही गोठलेली असते. हिवाळ्यात लाकडे पेटवून ती थोडी थोडी वितळवायची, राख आणि चिखल उपसायचा, पुन्हा आग लावायची, असे करत विहिरीसारखा खड्डा कातळापर्यंत न्यायचा आणि मग कातळाच्या अंगाने आडवे भुयार खणायचे, अशी पद्धत होती. वर काढलेली खडी तोंडाशी टाकत. तिलाच ‘डंप’ म्हणत. थंडीत ती पुन्हा गोठून दगड होई, आणि वाहते पाणी नसल्यामुळे ती धुता येत नसे. वसंतात बर्फ वितळले की लाकडी पन्हळीतून पाणी सोडून सगळा ढीग धूत आणि पन्हळीच्या तळाच्या आडव्या पट्ट्यांत जड सोने अडकून राही. उतारावर पाणी चढवणे कठीण, म्हणून तेथे पाळण्यासारखी हलवायची पेटी वापरत. म्हणजे एप्रिलमधला ढीग हा खडीचा ढीग होय. आपल्याकडचा झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ घेऊन बसतो, तेव्हा त्या धुळीला कोणी सोने म्हणत नाही.

मंजुरी म्हणजे सोने नव्हे, हे तर उघडच आहे. दहा डॉलरचा वार्षिक परवाना घ्यावा, खुंट ठोकावेत, शपथपत्र करावे, पंधरा डॉलर नोंदणी शुल्क भरावे, की मंजुरी मिळे. शिवाय मालक एक आणि खणणारे दुसरेच, असेही सर्रास होते. मालक निम्म्या वाट्यावर जागा कसायला देत आणि त्या वाटेकऱ्यांची नावे नोंदवहीत असतीलच असे नाही. आपल्या कुळांची आठवण येते.

मोजणीचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. सरकारी मोजणीदार विल्यम ऑगिल्वी यांनी १८९७ च्या सुरुवातीला बोनान्झावरचे क्लेम साखळीने मोजले, तेव्हा दोराने आणि पावलांनी घातलेल्या हद्दी जागोजाग चुकलेल्या निघाल्या आणि मध्ये सरकारी फाळके उरले. त्यांच्याच हाताखाली साखळी ओढणाऱ्या डिक लो यांनी दोन वर आणि तीन वर या क्लेमांच्या मध्ये उरलेली, जास्तीत जास्त ८६ फूट रुंदीची चिंचोळी पट्टी नाखुशीने स्वतःच्या नावावर केली. तिच्यातून सुमारे पाच लाख डॉलरचे सोने निघाले. मी आयुष्यभर साखळी ओढली, पण हद्दीच्या भांडणांपलीकडे काही निघाले नाही.

दप्तरखाना

मी कॅनडात अभिलेखागाराच्या क्षेत्रात काम करते. वरील उत्तर चांगलेच आहे, म्हणून मी केवळ कागद कोठे शोधावेत याविषयी लिहिते.

युकॉनचा वेगळा प्रदेश जून १८९८ मध्ये झाला आणि त्याची राजधानी १९५३ पर्यंत डॉसनला होती. नंतर ती व्हाइटहॉर्सला गेली. त्यामुळे डॉसनच्या खाण नोंदणी कचेरीच्या जुन्या वह्या आज पाहायच्या असतील तर प्रथम व्हाइटहॉर्स येथील युकॉन अर्काइव्हजशी पत्रव्यवहार करावा. पोलिसांची आणि केंद्र सरकारची कागदपत्रे ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डॉसनच्या संग्रहालयातही स्थानिक कुटुंबांचे बरेच साहित्य आहे. क्लेमचा क्रमांक कळवून त्याच्या पुढील नूतनीकरणांच्या आणि हस्तांतरणांच्या नोंदी मागवा, म्हणजे भागीदाराच्या कथेतील तथ्य तपासता येईल.

परंतु माझा अनुभव असा आहे की माणसाचे जगणे मालकीच्या नोंदीत फार थोडे सापडते. ते सापडते वेगळ्याच कारणासाठी लिहिलेल्या कागदांत. वायव्य घोडदळ पोलिसांचे सॅम स्टील यांनी १८९८ च्या वसंतात बेनेट सरोवरावरून निघणाऱ्या प्रत्येक नावेला क्रमांक देऊन तिच्यातील माणसांची नावे लिहून ठेवण्याची व्यवस्था केली, कारण खाली खळाळात नावा फुटून लोक बुडत होते आणि बुडालेला कोण हे कळत नव्हते. त्या हंगामात सात हजारांहून अधिक नावा गेल्या. अलास्का आणि कॅनडा यांच्या ज्या सरहद्दीवर वर्षभराची शिधासामग्री, म्हणजे सुमारे एक टन ओझे, असल्याशिवाय पुढे सोडत नसत, तेथेही पोलीसच होते. मृतांच्या मालमत्तेच्या याद्या तर मला सोन्याहून मोलाच्या वाटतात: दोन घोंगड्या, एक तवा, अर्धे पोते पीठ, घरून आलेली पत्रे. श्रीमंतांनी मागे आठवणी ठेवल्या, उरलेल्यांनी फक्त अशा याद्या. १९०१ च्या जनगणनेतही युकॉन आहे. मात्र आजींचे आजोबा त्याआधी परतले असतील तर तेथे वेळ घालवू नका. वर्तमानपत्रांपैकी ‘क्लोंडाइक नगेट’ जून १८९८ पासून आणि ‘डॉसन डेली न्यूज’ १८९९ पासून निघू लागले, आणि त्यांतील टपालात पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्या किंवा इस्पितळाच्या बातम्या जरूर पाहाव्यात. नावांची स्पेलिंगे सैल ठेवून शोधा. लिहिणारा कारकून ऐकले तसे लिहीत असे.

एक सावधगिरी. सरकारने सोन्यावर दहा टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) लावले होते, त्यामुळे उत्पादनाचा खरा आकडा सांगण्यात कोणालाच रस नव्हता. शिवाय चौदा ते सोळा डॉलर औंसाने चालणारी अशुद्ध सोन्याची पूड आणि टांकसाळीतील २०.६७ डॉलरचा शुद्ध सोन्याचा भाव यांची गल्लत पत्रांत सतत दिसते. ‘अमुक हजाराचे सोने’ असे वाचल्यावर, कोणत्या भावाने, हे आधी विचारावे.

काचपट्टी

छायाचित्राविषयी थोडे बोलतो, आणि ते आजींना आवडेल असे नाही. युकॉनच्या वाटेवरील चिलकूट खिंडीचा तो शेवटचा चढ १८९७-९८ च्या हिवाळ्यात अनेकांनी टिपला आणि त्यांच्यापैकी सर्वांत प्रसिद्ध स्वीडनमध्ये जन्मलेले एरिक हेग. त्यांच्या काचपट्ट्यांचा, म्हणजे काचेवरील निगेटिव्हांचा, मोठा संग्रह सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ही मंडळी छायाचित्रे विकण्यासाठीच काढत आणि घरी परतणारे किंवा घरी पाठवणारे लोक आठवण म्हणून ती विकत घेत. आपल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काचेवर कोरलेला क्रमांक किंवा नाव असेल तर भिंगाखाली पाहा. विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेल्या संग्रहाशी ते जुळवता येईल. ते विक्रीचे चित्र निघाले तर आजोबा त्या रांगेत होते असे त्यावरून म्हणता येणार नाही, जरी ते त्याच खिंडीतून चढले असले तरी. पेन्सिलचे वर्तुळ मात्र खरे आहे. ते कोणी काढले याचा शोध घ्यावा, कारण त्या घराने ही कथा कशी जपली त्याचा तोही एक पुरावा आहे.

आणखी एक मुद्दा, कारण वर ‘डिस्कव्हरी’ हा शब्द सहज वापरला गेला आहे. बोनान्झावरील मूळ क्लेम जॉर्ज कारमॅक या गोऱ्या माणसाच्या नावावर नोंदला गेला. त्याच्याबरोबर टॅगिश या मूळ निवासी लोकांपैकी कीश, म्हणजे स्कूकम जिम, त्याचा भाचा डॉसन चार्ली आणि कारमॅकची पत्नी, कीशची बहीण शाव त्ला, हे होते. सोने प्रथम कोणाला दिसले यावर पुढे वाद झाला, पण कारमॅकने असा आग्रह धरला की मूळ निवाशाच्या नावावर शोधाचा क्लेम कचेरी मान्य करणार नाही, आणि कागद त्याच्या नावाचा झाला. टॅगिश वृद्धांनी सांगितलेल्या आणि पुढे लिहून घेतलेल्या कथनांत तर कीश सोने शोधायला निघालेलाच नाही. तो नदीने खाली गेला तो आपल्या बहिणींचा ठावठिकाणा काढायला. खिंडीत दर पौंडामागे मजुरी घेऊन ओझी वाहणारे त्लिंगित आणि टॅगिश हमाल तुमच्या छायाचित्रात बहुधा असतील; वह्यांत त्यांची नावे शोधू गेलात तर हाती फारसे लागणार नाही. डॉसन ज्या जागी वसले तेथून हान या मूळ निवासी लोकांना त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी काही किलोमीटर खाली मूसहाइडला नेले. २०२३ साली युनेस्कोने त्रॉन्डेक-क्लोंडाइक या नावाने हा परिसर जागतिक वारसा म्हणून नोंदवला.

मृण्मयी_एडमंटन

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मागवलेल्या नकला येण्याची वाट पाहत होते. त्या परवा आल्या.

क्लेम दोघांच्या नावे निम्मा निम्मा होता. ऑगस्ट १८९९ मध्ये आजोबांनी आपला अर्धा हिस्सा त्याच भागीदाराला विकला असे नोंदीत स्पष्ट आहे आणि विक्रीची किंमत लिहिली आहे एक डॉलर. ते वाचून आजी म्हणाल्या, “बघ, मी सांगत नव्हते?” ढिगाचे मात्र त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि इतकी वर्षे आपण ज्या ढिगाची स्वप्ने पाहिली तो खडीचा निघाला म्हणून बराच वेळ हसत होत्या. छायाचित्राच्या कोपऱ्यात भिंगाखाली क्रमांक दिसला. वर्तुळ त्यांच्या आईने काढले होते, हे त्यांनी आपण होऊन सांगितले.

साखळी_कडी

ताई, एका डॉलरवरून फसवणूक सिद्ध होत नाही, आणि प्रामाणिकपणाही नाही. उत्तर अमेरिकेतील खरेदीखतांत ‘एक डॉलर व इतर मोबदला’ असे लिहून खरी रक्कम बाहेर ठेवण्याची रीत जुनी आहे. मूळ खताची नक्कल मिळाली तर ‘इतर मोबदला’ हे शब्द आहेत का ते आधी पाहा. तारखेकडेही लक्ष द्या. त्याच उन्हाळ्यात अलास्काच्या किनाऱ्यावर नोमला समुद्रकाठच्या वाळूत सोने सापडल्याची बातमी डॉसनला आली आणि हजारो लोक हाती येईल त्या किमतीला जागा विकून बोटींवर चढले. ढीग धुऊन झाल्यावर, म्हणजे जूनच्या पुढे, स्वामित्वधनाची पावती निघाली असेल तर त्यावरून त्या ढिगात काय होते ते कळेल. मात्र ठराविक रकमेपर्यंतच्या उत्पन्नाला सूट होती, तेव्हा पावती नसली म्हणजे ढिगात काहीच नव्हते असे लिहू नका.