गेटपुढचा उतार: सोसायटीचा की रस्त्याचा?

पायी_पायी
परवा इथे एका सोसायटीच्या सचिवांनी लिहिलं, "आमच्या गेटपुढचा उतार सकाळी सकाळी जेसीबी लावून तोडला, साधी नोटीससुद्धा नाही. कर भरणाऱ्यांनी गाड्या उचलून आत न्यायच्या का?" खाली झाडून सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

सचिवसाहेब, तो उतार फुटपाथवर होता. मंजूर नकाशात तुमची हद्द कंपाउंडच्या भिंतीशी संपते. तिच्यापुढे सिमेंट ओतताना परवानगी घेतली होती का, याबद्दल तुमच्या पोस्टमध्ये एक शब्द नाही. आणि नोटिशीचं म्हणाल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २३१ वाचा. रस्त्यावरचं असलं बांधकाम आयुक्तांना विनानोटीस काढता येतं.

कोथरूडच्या तुमच्या-आमच्या गल्लीत एका बाजूला ११ गेटं आहेत. प्रत्येक गेटापाशी एकतर फुटपाथ कापलाय, नाहीतर त्यावर उंचवटा चढवलाय. मागच्या जुलैत माझी ७४ वर्षांची आई चारपायी काठी घेऊन निघाली. एका उतारावर शेवाळ धरलं होतं. काठीचे दोन पाय सपाटीवर, दोन उतारावर. काठी कलंडली आणि आई मनगटावर पडली. त्या सोसायटीच्या वॉचमनने धावत येऊन खुर्ची दिली, पाणी दिलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून ती गल्लीतल्या फुटपाथवर पाय ठेवत नाही, रस्त्याच्या कडेने चालते, रिक्षांना अंग चोरत.

सचिव_ब_विंग
पोस्ट माझीच. आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही आमची बाजू न ऐकताच निकाल दिलात.

२००४ साली ताबा मिळाला तेव्हा रस्ता आमच्या पार्किंगपेक्षा एक पायरी खाली होता. त्यानंतर डांबराचे किती थर पडले याची गणतीच नाही. जुना थर कोणी खरवडत नाही, त्यावरच नवा ओततात. आता रस्ता आमच्या पार्किंगच्या वर आहे. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आठवते का? पाणी गेटातून आत आलं. मीटरच्या खोलीत गुडघाभर, लिफ्टचा खड्डा भरला, १४ दुचाकी बंद पडल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या पेशंटला चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं, त्या चौघांत मी होतो. त्या दिवाळीत आम्ही वर्गणी काढून गेटात फूटभर उंचवटा बांधला. उंचवटा म्हटला की त्याला बाहेरून उतार लागणारच. हौस म्हणून नाही केलं.

नाशिककर_७२
सचिवांशी सहमत. रस्ता उंच करणाऱ्याला कोणी विचारत नाही, घर वाचवणाऱ्यावर जेसीबी.

पायी_पायी
रस्त्याच्या थरांबद्दल तुमचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण तुमचं पाणी अडवायला माझ्या आईने रस्त्यावर उतरायचं, हे मान्य नाही.

गेटकरी
उतार राहू द्या हो. खरा त्रास गेटसमोर गाड्या लावणाऱ्यांचा आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. आमच्या समोर हॉटेल आहे. शनिवार-रविवारी गेटाला गाडी चिकटवून लोक जेवायला जातात, दीड-दीड तास परत येत नाहीत. शेवटी पाटी लावली, 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल'. आणि सोडतोही.

मावशी_सदाशिव
हवा सोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? माझ्या भाच्याची सोडली होती. गाडी गेटासमोर नव्हती, गेटापासून चांगली चार हात लांब होती. रात्री ११ वाजता, लहान बाळ सोबत. असल्या पाट्यांचं लोकांना कौतुक वाटतं, आम्हाला त्या रात्री पंक्चरवाला शोधत फिरावं लागलं.

गेटकरी
आणि आमच्या वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा ॲम्ब्युलन्स बाहेर अडकली, त्याचं काय? वडिलांना स्ट्रेचरवरून दोन गाड्यांच्या फटीतून काढलं. स्ट्रेचर आडवं मावेना, म्हणून तिरकं केलं. ते बघितलंय मी. तुमच्या भाच्याला पंक्चरवाला मिळाला ना?

मावशी_सदाशिव
वडिलांचं दुःख समजू शकते. पण त्याचा राग रस्त्यावरच्या प्रत्येक चाकावर काढायचा, ही दादागिरी झाली. फोन नंबर लिहून ठेवायची जागा करा, वाहतूक पोलिसांना बोलवा.

गेटकरी
पोलीस येईपर्यंत माणूस जातो.

ओळंबा
दोघांनीही जरा थांबा. मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ प्रमाणे कोणाच्याही प्रवेशद्वारासमोर गाडी उभी करायला मनाई आहे, त्यामुळे गेटकरींचा मुद्दा कायद्यात बसतो, हवा सोडणं बसत नाही. मात्र त्याच यादीत फुटपाथवर गाडी उभी करायलाही मनाई आहे. गेटकरी, तुमच्या सोसायटीच्या पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागतात?

गेटकरी
गेटाबाहेर, बाजूला. फुटपाथ तिथे मुळात राहिलेलाच नाही.

मावशी_सदाशिव
झालं मग. फुटपाथ गिळायचा आणि वर पाटीही तुमचीच.

गेटकरी
मावशी, तोंड सांभाळून बोला.

सॅन_होजेहून
इकडे कॅलिफोर्नियात घरापुढच्या गाडीवाटेचा रस्त्यालगतचा भाग शहराच्या हद्दीत येतो. तो बांधायला, रुंद करायला परवाना लागतो. फुटपाथ गाडीवाटेला आडवा सलग जातो आणि तेवढ्या पट्ट्याला आडवा उतार ५० मिलिमीटरला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे व्हीलचेअर एका बाजूला ओढत नाही. स्वतःच्याच दारात गाडी लावली आणि तिची शेपटी फुटपाथवर आली, तरी तिकीट मिळतं. आपल्याकडे हे का होत नाही?

नाशिककर_७२
दर वेळी कोणीतरी तिकडून येऊन सांगतं. इकडे आधी रस्त्याची पातळी सांभाळा, मग ५० मिलिमीटरच्या गोष्टी करा.

सॅन_होजेहून
मी माझ्या आईसाठीच विचारतोय. ती डेक्कनला एकटी राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दूध आणायलाही खाली उतरत नाही. व्हिडिओ कॉलवर म्हणते, "घरातच चालते रे, ४० फेऱ्या."

ओळंबा
नाशिककर, एवढा बारीक उतार इथेही बांधता येतो. मी २६ वर्षं साइटवर काढली, सचिवांच्या अडचणीचं उत्तर देतो. वही काढा.

तुमचा उंचवटा रस्त्यापासून एक फूट, म्हणजे ३०० मिलिमीटर. तो तुम्ही गेटाच्या रेषेवर उभा केला, म्हणून अर्धा उतार बाहेर सांडला. गाडीच्या रॅम्पला १:८ पेक्षा जास्त चढ द्यायचा नाही. म्हणजे ३०० मिलिमीटरला २.४ मीटर. तुमच्या गल्लीतला फुटपाथ ८ फुटांचा, म्हणजे तेवढाच. तो अख्खा गेला. बरोबर?

आता फुटपाथची उंची बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०३ मध्ये, ती जास्तीत जास्त १५० मिलिमीटर धरली आहे. आपण गेट आलं की फुटपाथ खाली उतरवतो आणि पाण्याला स्वतःच्या हाताने वाट करून देतो. फुटपाथ गेटासमोरूनही त्याच उंचीने सलग नेला तर तोच तुमचा पहिला बांध होतो. ३०० पैकी १५० तिथेच मिळाले. उरले १५०. त्याला आतल्या बाजूला १.२ मीटर चढ आणि पुढे रस्त्याच्या पातळीपर्यंत २.४ मीटर उतार, एकूण ३.६. पार्किंग त्याहून जेवढं खाली, तेवढा उतार वाढेल. समोर १२ फुटांहून जास्त मोकळी जागा सोडली असेल तर बसतं.

गाडीला फुटपाथवर चढायला रस्त्याकडच्या कडेच्या दोन फुटांत तिरका दगड लावायचा. चाक सहज चढतं, फक्त वेग कमी करावा लागतो. चालणाऱ्याला सपाट सहा फूट उरतात, आयआरसीची किमान रुंदी १.८ मीटर, तेवढीच. गेटाच्या आत आडवी जाळीची नाली करा, ती पावसाळी वाहिनीला जोडा.

सचिव_ब_विंग
हे आम्हाला २०१९ मध्ये कोणी सांगितलं असतं तर? ठेकेदार म्हणाला, बाहेर काढा, स्वस्तात होईल.

ओळंबा
स्वस्तात झालं कारण जागा फुकट होती. आणखी एक. उतार टाकताना कडेच्या पावसाळी गटाराचं काय केलंत?

सचिव_ब_विंग
चार इंची पाइप टाकलाय खालून.

ओळंबा
तो पहिल्याच पावसात प्लास्टिकच्या पिशवीने बुजतो. अशा किती गेटांखालचे पाइप मी सळईने मोकळे केलेत. तुमच्या उताराने अडलेलं पाणी शेजारच्या सोसायटीत शिरतं, मग ते त्यांचा उंचवटा तुमच्यापेक्षा सहा इंच वर घेतात.

मिठाईवाला_गल्ली
दुकानदारांबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या दुकानापुढे सलग ४० फूट फुटपाथ उतरता केला होता, बिल्डरनेच तसा दिला. गाड्या फुटपाथ ओलांडून दुकानाच्या पायरीला नाक लावायच्या, जाताना उलट्या निघायच्या. मग रस्त्याचं काम झालं, फुटपाथ उचलला, खांब रोवले. पहिले दोन महिने धंदा बसला. मैद्याचा टेम्पो लांब लावून हमाल पोती पाठीवर आणतो, त्याचे पैसे वेगळे.

पायी_पायी
आणि दोन महिन्यांनंतर?

मिठाईवाला_गल्ली
चालत येणारं गिऱ्हाईक वाढलं. बायका मुलांना घेऊन थांबतात आता. पण टेम्पोला सकाळी ७ ते ९ थांबायची जागा आखून द्यायलाच हवी होती, ती दिली नाही. हे मी सोडणार नाही.

नाशिककर_७२
आग लागली तर? बंब त्या दोन फुटी तिरक्या दगडावरून चढणार का?

ओळंबा
चढतो, १५० मिलिमीटरने बंब अडत नाही. बंब अडतो अरुंद गेटाने. उंच इमारतींना प्रवेश किमान ६ मीटर लागतो आणि गेटाचं दार आतल्या भिंतीला टेकून पूर्ण उघडायला हवं. किती सोसायट्यांनी अर्ध्या गेटात वॉचमनची केबिन बसवली आहे ते मोजा.

पायी_पायी
सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की, अडथळा नसलेला फुटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण तर २०१६ पासून आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद सपाट फुटपाथ करून दाखवलेत, तिथे आई अजून चालते. तिथवर तिला रिक्षाने न्यावं लागतं.

सचिव_ब_विंग
ताई, धोरण तुमच्या बाजूने आहे, हे दिसतंय. पण उद्या पुन्हा दोन इंच डांबर चढवलं तर ओळंबांचा १५० मिलिमीटरचा हिशोब १०० वर येणार. मी आत खर्च करायचा आणि बाहेर रस्ता वाढत राहणार? ९६ फ्लॅटवाल्यांना काय तोंड दाखवू?

पायी_पायी
हे मी नाकारत नाही. थर खरवडल्याशिवाय नवीन टाकू नये, असा अर्ज तुम्ही लिहा, गल्लीतल्या बाकी १० सोसायट्यांच्या सह्या मी आणते. पण तुमचा उतार आधी आत जाईल, अर्ज मंजूर होईपर्यंत थांबणार नाही.

सचिव_ब_विंग
१० सह्या आणल्यात तर मी कमिटीपुढे ठेवतो. आतल्या जागेत दोन बकुळी आहेत, त्या तोडणार नाही.

ओळंबा
तोडायची गरज नाही, नाली वळवू. रविवारी सकाळी ८ वाजता येतो, पाण्याची लेव्हल ट्यूब आणि टेप आणतो. त्याआधी गेटाजवळच्या चेंबरचं झाकण उघडून ठेवा. तुमचा तो चार इंची पाइप वाहतो की बुजलाय, ते पहिलं बघायचंय.

गेटकरी
रविवारी येताय तर आमचंही गेट बघून जा. हॉटेलवाल्यांचा त्रास आहेच, पण उतारही बघा.